अलिपूरच्या बागेतील कुटुंबचित्र

प्रास्ताविक

लग्नकार्यात काढलेले घरचे सामूहिक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मधल्या खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी बसतात, पुढे जाजमावर मुले असतात आणि मागच्या रांगेत कोणीतरी टाचा उंचावून उभे असते. कोण मध्ये, कोण कडेला, कोणाच्या मांडीवर कोणाचे मूल, यांवरून त्या घरातील नाती आणि मान-अपमान बरेचसे उमगतात. दिवसभर राबलेली मोलकरीण मात्र त्या छायाचित्रात सहसा नसते. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी, अठराव्या शतकात, हेच काम चित्रकाराचा कुंचला करीत असे. कोलकात्यात रंगवलेल्या अशाच एका कुटुंबचित्राचा आणि ते रंगवणाऱ्या चित्रकाराचा परिचय या पाठात करून घ्यायचा आहे.

मूळ पाठ

कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया मेमोरियलची शुभ्र संगमरवरी वास्तू उभी आहे. या वास्तूची कोनशिला १९०६ मध्ये बसवली गेली आणि १९२१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आतील चित्रसंग्रहात लढाया, दरबार आणि गव्हर्नर यांची भव्य चित्रे आहेत. त्या भव्यतेच्या मानाने ज्या चित्राविषयी येथे बोलायचे आहे, ते अगदी शांत आहे. त्यात तोफा नाहीत, सिंहासन नाही. एका बागेत मोठ्या झाडाच्या सावलीत एक पुरुष आणि एक स्त्री उभी आहेत. त्यांच्या मागे एक भारतीय स्त्री आहे. मालकिणीची मोठी हॅट तिने हातात धरली आहे. दूरवर एक घर दिसते. चित्रातील पुरुष वॉरन हेस्टिंग्ज, स्त्री त्याची पत्नी मेरियन, बाग अलिपूरची आणि चित्रकार योहान झोफनी.

हेस्टिंग्ज हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. १७७२ मध्ये तो बंगालचा गव्हर्नर झाला आणि १७७४ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर जनरल म्हणून त्याने कारभार पाहिला. पहिले इंग्रज-मराठा युद्ध त्याच्याच कारकिर्दीत लढले गेले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रज फौजेला शरण यावयास लावले, आणि पुढे १७८२ मध्ये महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. पुणे आणि कोलकाता यांच्यामधील शत्रुत्व त्या तहाने काही काळ निवळले. अलिपूरचे चित्र या घटनेनंतर लवकरच सुरू झाले. इतिहासाच्या पुस्तकात जो माणूस तहांवर सह्या करतो, तोच येथे घरच्या बागेत पत्नीशेजारी उभा आहे. कुटुंबचित्राचे आकर्षण नेमके येथे आहे. ते सत्ताधीशाला गृहस्थ म्हणून दाखवते. अर्थात, आपण गृहस्थ म्हणून कसे दिसावे हेही बहुधा त्यानेच ठरवलेले असते!

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा चित्रांची मोठी आवड निर्माण झाली होती. त्यांना ‘कॉन्व्हर्सेशन पीस’ म्हणत. मराठीत आपण त्यांना ‘संवादचित्र’ म्हणू. राजेरजवाड्यांच्या भव्य व्यक्तिचित्रांहून हा प्रकार निराळा होता. चित्राचा आकार बेताचा, माणसे डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी, आणि ती चहा पीत असलेली, वाद्य वाजवीत असलेली किंवा बागेत फिरत असलेली. जणू चित्रकार अचानक आला आणि त्याने तो क्षण टिपला, असा भास त्यात निर्माण केला जाई. वस्तुतः प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक मांडलेली असे. मागचे घर, पायाशी लोळणारा कुत्रा, टेबलावरची चांदीची भांडी यांतून त्या कुटुंबाची श्रीमंती आणि अभिरुची पाहणाऱ्याच्या मनावर ठसवली जाई. व्यापाराने संपन्न झालेल्या वर्गाला स्वतःची ओळख करून देण्याचे हे साधन फार सोयीचे वाटले. कंपनीच्या नोकरीत गडगंज झालेले कोलकात्यातील इंग्रज याला अपवाद कसे असतील?

योहान झोफनीचा जन्म १७३३ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टजवळ झाला. रोममध्ये शिक्षण घेऊन तो १७६० मध्ये लंडनला आला, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हते. घड्याळांच्या तबकड्या रंगवून त्याने सुरुवातीचे दिवस काढले. पुढे नामवंत नट डेव्हिड गॅरिक याची नाट्यप्रसंगांतील चित्रे त्याने काढली आणि त्याचे नाव झाले. राणी शार्लट ही स्वतः जर्मन राजघराण्यातली. तिचा आश्रय झोफनीला लाभला आणि १७६९ मध्ये तो रॉयल अकादमीचा सदस्य झाला. राणीसाठीच त्याने फ्लॉरेन्सला जाऊन तेथील प्रसिद्ध कलादालनाचे चित्र रंगवले. या कामात अनेक वर्षे गेली. १७७९ मध्ये तो लंडनला परतला तेव्हा लोकांची आवड बदलली होती, राजघराण्याची मर्जीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या चित्रकाराने पत्नी आणि लहान मुली यांना मागे ठेवून हिंदुस्थानचा रस्ता धरला. येथे आलेल्या इतर गोऱ्या माणसांप्रमाणे त्यालाही पैसा मिळवायचा होता.

त्याच्या आधी टिली केटल आणि विल्यम हॉजेस हे इंग्रज चित्रकार हिंदुस्थानात येऊन गेले होते. झोफनी १७८३ च्या जुलैमध्ये मद्रासला उतरला आणि सप्टेंबरमध्ये कोलकात्यास पोहोचला. राजधानीचे हे शहर त्याच्यासाठी जणू वाटच पाहत होते. न्यायाधीश, व्यापारी, लष्करी अधिकारी अशा साऱ्यांना चित्रे हवी होती. सर्वांत मोठा आश्रयदाता अर्थातच गव्हर्नर जनरल होता.

आता अलिपूरच्या चित्राकडे पुन्हा वळू. या चित्राचा काळ साधारणपणे १७८३ ते १७८७ असा दिला जातो. मात्र मेरियन हेस्टिंग्ज आजारपणामुळे १७८४ च्या जानेवारीत इंग्लंडला निघून गेली. चित्रकार सप्टेंबरात आला, चित्रातील स्त्री जानेवारीत गेली. म्हणजे तिला प्रत्यक्ष समोर उभे करून रेखाटण्यासाठी त्याला जेमतेम चार महिने मिळाले. चित्र पाहताना ही तारीख ध्यानात ठेवली की त्याचा रंग पालटतो. हे पतिपत्नी निवांत उभे आहेत असे प्रथम वाटते, परंतु त्यांच्या ताटातुटीचा दिवस जवळ आला होता. त्या काळी कोलकाता ते इंग्लंड हा जहाजाचा प्रवास अनेक महिन्यांचा असे आणि पुन्हा भेट होईल याची शाश्वती कोणालाच नसे. हेस्टिंग्जची पहिली पत्नी मेरी बंगालमध्येच १७५९ मध्ये वारली होती. त्यांची मुलगी अल्पायुषी ठरली आणि शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेला मुलगाही बालपणीच गेला. एवढे भोगलेल्या माणसाच्या वाट्याला मेरियनशी झालेल्या विवाहाने घर आले होते. ती गेल्यावर तो एकटा राहिला आणि तिला सतत पत्रे लिहीत राहिला. ही पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली. १७८५ च्या फेब्रुवारीत त्यानेही हिंदुस्थान सोडला.

या विवाहाची कथाही चित्रकलेशी जोडलेली आहे, हा योगायोग मोठा गमतीचा म्हणावा लागेल. १७६९ मध्ये हेस्टिंग्ज इंग्लंडहून मद्रासला येत असताना त्याच जहाजावर कार्ल फॉन इम्होफ नावाचा एक जर्मन सरदार आणि त्याची पत्नी मेरियन हे जोडपे होते. इम्होफ लघुचित्रे रंगवून नशीब काढण्यासाठी निघाला होता. वाटेत हेस्टिंग्ज आजारी पडला, मेरियनने त्याची शुश्रूषा केली आणि त्यातून स्नेह जुळला. पुढे इम्होफ युरोपला परतला, रीतसर घटस्फोट झाला आणि १७७७ मध्ये कोलकात्यात हेस्टिंग्ज व मेरियन यांचा विवाह झाला. मेरियनची पहिल्या विवाहातील मुले हेस्टिंग्जने आपली मानली. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रज कुटुंबाचे चित्र’ म्हणतो, त्यात पत्नी जन्माने जर्मन, तिचा पूर्वीचा पती जर्मन चित्रकार आणि चित्र रंगवणाराही जर्मन! इंग्रज असा एकटा हेस्टिंग्जच.

पतिपत्नींच्या मागे उभी असलेली तिसरी व्यक्ती पाहणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. हेस्टिंग्जच्या आयुष्यातील वर्षे, महिने, तारखाही आपण सांगू शकतो. मेरियनचे माहेरचे नाव, तिच्या जहाजाचा महिना आपल्याला ठाऊक आहे. हॅट धरून उभ्या असलेल्या या स्त्रीचे मात्र नावही चित्राबरोबर टिकलेले नाही. ती ‘आया’ किंवा ‘दासी’ या शब्दानेच ओळखली जाते. तिला चित्रात जागा दिली गेली, पण ती कुटुंबातील घटक म्हणून नव्हे. मालकिणीच्या वैभवाची खूण म्हणून ती तेथे आहे, जशी मागची वास्तू आहे. असे असूनही झोफनीने तिला केवळ सावली म्हणून रंगवले नाही. तो बारकाईने पाहणारा चित्रकार होता. नोकरांचे पोशाख, त्यांची उभे राहण्याची ढब, हातातील वस्तू यांकडे त्याची नजर जाई. तिचे नाव हरवले, पण निदान ती तेथे होती एवढे तरी त्याच्या कुंचल्यामुळे उरले.

अशा आया त्या काळात साहेबांच्या घरांचा आधार होत्या. मुलांना त्या भाषा शिकवीत, अंगाई गात, आजारपणात रात्री जागत. कित्येकींना मालकिणीबरोबर समुद्रापार इंग्लंडला जावे लागे, आणि तेथे काम संपल्यावर काहींना परतीच्या प्रवासखर्चाविना सोडूनही दिले जाई. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये पुढे एक आश्रयगृह चालत असे. हॅक्नी भागातील त्याच्या जागेवर २०२२ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला.

झोफनीने कोलकात्यात रंगवलेल्या इतर कुटुंबचित्रांतही भारतीय माणसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश एलिजा इंपे हा हेस्टिंग्जचा शाळासोबती. १७७५ मध्ये महाराजा नंदकुमार यांना फाशीची शिक्षा झाली, ती याच न्यायाधीशाच्या न्यायालयात. त्याच्या कुटुंबाच्या चित्रात मात्र न्यायदानाच्या कठोरपणाचा मागमूस नाही. त्याची छोटी मुलगी भारतीय पोशाखात नाचते आहे आणि भारतीय वादक वाद्ये वाजवीत आहेत. हे चित्र आता स्पेनमधील संग्रहात आहे. याच घरात लेडी इंपे हिने पशुपक्षी पाळले होते आणि शेख झैनुद्दीन, भवानी दास व राम दास या तीन भारतीय चित्रकारांकडून तिने त्यांची चित्रे काढून घेतली होती. त्या चित्रांवर चित्रकारांची नावे आहेत. एकाच घरातील दोन प्रकारच्या चित्रांत पक्षी रंगवणाऱ्याचे नाव राहिले आणि मुलांना सांभाळणारीचे गेले.

ऑरिओल आणि डॅशवुड या कुटुंबांच्या चित्रातही झाडाखाली चहापान चालले आहे आणि सेवेला भारतीय नोकर उभे आहेत. या चित्रात सोफिया ऑरिओल आणि तिचा पती जॉन प्रिन्सेप हेही आहेत. त्यांचा मुलगा जेम्स प्रिन्सेप पुढे कोलकात्याच्या टांकसाळीत अधिकारी झाला आणि त्याने १८३७ मध्ये अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. नाणेघाट, कार्ले, नाशिक येथील लेण्यांमधील लेख वाचण्याची वाट त्यातूनच मोकळी झाली. चित्र रंगले तेव्हा मात्र जेम्सचा जन्मही झालेला नव्हता.

येथवर पाहिलेल्या चित्रांत भारतीय माणूस कुटुंबाच्या कडेला उभा आहे. याच्या उलट असलेले एक चित्र आहे, आणि त्यातील पुरुषाचा संबंध पुण्याशी येतो. विल्यम पामर हा हेस्टिंग्जच्या विश्वासातील लष्करी अधिकारी. त्याने लखनौ येथे असताना फैज बख्श या खानदानी मुस्लिम घराण्यातील स्त्रीबरोबर संसार मांडला होता. १७८५ च्या सुमारास रंगवलेल्या त्यांच्या चित्रात पामर बसला आहे, शेजारी फैज बख्श आहे, मांडीवर तान्हे मूल आहे आणि भोवती मुले व इतर स्त्रिया आहेत. येथे भारतीय स्त्री चित्राच्या केंद्रस्थानी आहे. ती घरची मालकीण आहे आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तान्ह्या मुलाचे नाव ‘हेस्टिंग्ज’ ठेवले होते! हे चित्र अपुरे राहिले. पूर्वी ते फ्रान्सेस्को रेनाल्दी या इटालियन चित्रकाराचे समजत. आता ते झोफनीचे मानले जाते. सध्या ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. या चित्रालाही एक न दिसणारी कड आहेच. पामरची पहिली पत्नी वेस्ट इंडिजमधली होती, आणि तिच्यापासून झालेली मुले या कुटुंबात दिसत नाहीत.

झोफनी स्वतः १७८४ मध्ये लखनौला गेला होता आणि तेथे व कोलकात्यात मिळून त्याने पाच वर्षांहून अधिक काळ काढला. निघण्यापूर्वी, १७८७ मध्ये, त्याने कोलकात्याच्या नव्या सेंट जॉन चर्चला ‘अखेरचे भोजन’ हे मोठे चित्र भेट दिले. ज्या जागेवर हे चर्च उभे राहिले, ती शोभाबाजारच्या नवकृष्ण देव यांनी दिलेली होती. चित्रातील येशूच्या शिष्यांचे चेहरे झोफनीने शहरातील ओळखीच्या माणसांवरून घेतले अशी आख्यायिका आहे, आणि विश्वासघातकी जुडासचा चेहरा आपल्यावरून घेतला म्हणून एक लिलाव करणारा गृहस्थ संतापला होता, असे सांगतात. खरे-खोटे काही असो, चित्रात भिश्तीची पखाल आणि पिकदाणीसारखे भांडे या हिंदुस्थानी घरातल्या वस्तू मात्र स्पष्ट दिसतात. बंगालच्या दमट हवेने या चित्राचे फार नुकसान केले होते. २०१० मध्ये त्याची शास्त्रशुद्ध डागडुजी करण्यात आली. १७८९ मध्ये झोफनी इंग्लंडला परतला आणि १८१० मध्ये तेथेच वारला.

हेस्टिंग्जवर इंग्लंडच्या संसदेत भ्रष्टाचार आणि जुलूम यांच्या आरोपांवरून खटला चालला. १७८८ मध्ये सुरू झालेला हा खटला सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. १८१८ मध्ये, पेशवाई संपली त्याच वर्षी, त्याचे निधन झाले. मेरियन त्यानंतर १९ वर्षे जगली.

हिंदुस्थानात मात्र वारे बदलले होते. १७९१ मध्ये कंपनीने असा हुकूम काढला की, ज्यांचे आई किंवा वडील भारतीय आहेत, त्यांना कंपनीच्या मुलकी व लष्करी नोकरीत घेऊ नये. पामरच्या चित्रातील मुलांसाठी वडिलांच्या वाटेने जाण्याचे दार असे बंद झाले. पामर स्वतः १७९८ मध्ये पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला आणि १८०१ पर्यंत मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सीत राहिला. तोवर दुसऱ्या बाजीरावाचा काळ सुरू झाला होता आणि कंपनीचे नवे अधिकारी या जुन्या वळणाच्या सेनानीकडे फारशा आदराने पाहत नव्हते. त्याचा मुलगा विल्यम याने हैदराबादेत सावकारी पेढी काढली. फैज बख्श त्याच शहरात १८२८ मध्ये वारली.

शब्दार्थ

शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा. ढब – पद्धत, रीत. मागमूस – खूण, पत्ता. पखाल – पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी. पिकदाणी – थुंकण्याचे भांडे. रेसिडेंट – देशी दरबारात राहणारा कंपनीचा प्रतिनिधी. आख्यायिका – लोकांमध्ये प्रचलित कथा.

स्वाध्याय

१. मेरियनला समोर उभे करून रेखाटण्यासाठी झोफनीला चारच महिने मिळाले, हे लेखात कसे सिद्ध केले आहे?

२. हेस्टिंग्ज आणि पामर या दोन कुटुंबांच्या चित्रांत भारतीय स्त्रीचे स्थान कसे वेगळे आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. आपल्या घरातील एक जुने सामूहिक छायाचित्र पाहा. त्यात कोण आहे, कोण नाही आणि का, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.